वाचकांचे प्रश्न : नाडी किती असावी?

रक्तदाबावरची उत्तरे छापून आल्यावर जी पत्रे आली, त्यांत एक गोष्ट सारखी दिसली. लोकांनी वरचा आणि खालचा दाब तर लिहिलाच आहे, पण यंत्राच्या तळाशी येणारा तिसरा आकडाही लिहून 'हा बरा की वाईट?' असे विचारले आहे. कुणाच्या मुलाने चतुर्थीला येताना आखातातून मनगटी घड्याळ आणले, कुणाच्या कपाटात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर आहे. नाडीचा आकडा आता घरोघरी दिसतो, पण तो वाचायचा कसा हे सांगणारे कुणी सोबत येत नाही. म्हणून या अंकात फक्त नाडीवरचीच पत्रे घेतली आहेत. नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, आणि लांब पत्रे थोडी आखडती केली आहेत.

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका, राहणार सावई-वेरे. मुलाने दिलेल्या घड्याळात दिवसा स्वस्थ बसलेली असताना ५२ ते ५४ ठोके दिसतात, रात्री झोपेत ४५. घड्याळ 'हृदयगती कमी' म्हणून इशारा देते. शेजारीण म्हणते, पेसमेकर बसवावा लागणार. तेव्हापासून झोप उडाली आहे. मला चक्कर येत नाही, दम लागत नाही, रोज कुळागरात चढउतार होते. रक्तदाबाची एक गोळी आणि काचबिंदूचे थेंब चालू आहेत. काय करू?

उत्तर : ताई, चक्कर नाही, दम नाही, कुळागरात चढउतार होते, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मला ते घड्याळाच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचे वाटले. तेव्हा आधी हे सांगते की आज रात्री निवांत झोपा. तपासून घ्यायच्या गोष्टी दोनच आहेत, आणि त्या तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहेत. तिथे येतेच.

प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० असावी असे पुस्तकात लिहिलेले असते. ही मर्यादा सोयीसाठी ठरवलेली आहे. ६१ म्हणजे निरोगी आणि ५९ म्हणजे आजारी, असे शरीर मानत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. प्रत्येक ठोक्याची सुरुवात तिथून होते. त्या पुंजक्याला त्याच्या मर्जीवर सोडले, तर तो मिनिटाला साधारण शंभर ठोके देतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, आणि ते हृदय विश्रांतीतही ९० ते ११० च्या गतीने चालते, त्यावरून हे नीट कळते. मग आपली नाडी ७० वर कशी येते? मेंदूकडून उतरणारी व्हेगस नावाची नस तिला सतत आवरून धरते. अनमोडचा घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून असतो, तसे. रोज अंगमेहनत करणाऱ्यांत ही पकड घट्ट होते. शिवाय त्यांचे हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलते. सर्वसाधारण माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते, म्हणजे ७० ठोक्यांत जवळजवळ पाच लिटर. ज्याचा ठोका जोरकस, त्याचे तेवढेच काम कमी ठोक्यांत होते. तुमच्या पोफळींच्या बागेतल्या पायऱ्यांचा या ५२ मध्ये वाटा असणार, असा माझा अंदाज आहे.

रात्रीचे ४५ पाहून तर मुळीच घाबरू नका. गाढ झोपेत नाडी चाळिशीत जाणे निरोगी माणसांतही नेहमीचे आहे. घड्याळाला एक आकडा ठरवून दिलेला असतो, त्याच्या खाली गेले की ते इशारा देते, एवढेच. मात्र घोरताना तुमचा श्वास मध्येच थांबतो असे घरातले कुणी म्हणत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर तेवढे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत श्वास अडण्याच्या आजारातही रात्रीची नाडी खाली जाते.

आता गोळी. तिचे नाव तुम्ही लिहिले नाही. पाकीट उलटे करून बारीक अक्षरातले औषधाचे मूळ नाव वाचा. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल, प्रोप्रानोलोल यांपैकी काही असेल, तर नाडी खाली आणणे हा त्या औषधाच्या कामाचाच भाग आहे. डिल्टियाझेम आणि वेरापामिल यांचेही तसेच. ॲम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टन असेल, तर नाडी कमी होण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

आणि थेंब. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण औषधांची यादी सांगताना थेंबांचे नावच घेत नाहीत. डोळ्यांचे औषध डोळ्यापुरते, असे सगळे धरून चालतात. काचबिंदूवर टिमोलोल नावाचे थेंब फार वापरले जातात, आणि टिमोलोल हा वरच्या गोळ्यांचाच भाऊबंद. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतो आणि तिथल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात जातो. रक्तदाबाची गोळी मेटोप्रोलोल आणि थेंब टिमोलोल अशी जोडी जमली, तर एकाच प्रकारचे औषध दोन दारांनी शरीरात येते. गोळी देणाऱ्याला थेंबांची कल्पना नसते, थेंब देणाऱ्याला गोळीची. दोघांचीही यात चूक नाही, पण दोन्ही कागद एकाच टेबलावर यायला हवेत. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरा. औषध डोळ्यात राहते आणि रक्तात कमी जाते. दम्याच्या माणसांनी तर हे थेंब चालू करण्याआधी दमा असल्याचे आवर्जून सांगायला हवे.

हे वाचून गोळी किंवा थेंब स्वतःहून बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. या जातीची गोळी एकाएकी सोडली तर नाडी आणि दाब दोन्ही उसळी घेतात, काहींच्या छातीत दुखू लागते. थेंब सोडले तर डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

एक ईसीजी काढून घ्या. फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात तो होईल. सोबत थायरॉइडची टीएसएच तपासणी करा, कारण थायरॉइड मंदावला की नाडीही मंदावते, आणि तुमच्या वयाच्या बायकांत ते बरेच दिसते. ईसीजीत ठोक्याचा निरोप वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात नीट पोहोचतो आहे असे दिसले, टीएसएच बरोबर आले, की ५२ हा तुमचा स्वतःचा आकडा आहे असे समजून घड्याळातला इशारा बंद करायला मुलाला सांगा.

पेसमेकर कधी लागतो? नाडी मंद आहे आणि तिच्यामुळे माणसाला चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तो पडतो, तेव्हा. किंवा त्रास नसतानाही ईसीजीत निरोपाची वाट बरीच तुटलेली दिसते, तेव्हा. तुमच्या पत्रात यातले काही नाही. पण शेजारणीने या शब्दाची जी भीती घातली तीही जावी असे मला वाटते. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर स्वीडनमध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी आर्ने लार्सन नावाच्या माणसाला लावला. आयुष्यभरात त्याला असे २६ पेसमेकर बदलावे लागले, आणि तो ८६ वर्षांचा होऊन २००१ साली गेला, तोही हृदयविकाराने नव्हे. आजची यंत्रे बरीच वर्षे टिकतात.

जागेपणी, शांत बसलेले असताना नाडी ४० च्या खाली जाऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ५० च्या आसपास असून घेरी आली, छातीत दुखले, श्वास कोंडला किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करायला लावा. स्कूटरच्या मागे बसून जाऊ नका.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, कळंगुट भागात हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. आठवड्याआड रात्रपाळी असते. कंपनीच्या तपासणीत नाडी ९६ आली. घरी मोजली तर ८८ ते ९४. सहकारी म्हणतो, शंभराच्या आत आहे म्हणजे नॉर्मल. दिवसाला पाच-सहा सिगारेट आणि पाळीत चार-पाच चहा होतात. उर्राकाच्या दिवसांत शनिवारी मित्रांबरोबर बसतो. काळजी करावी का?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे कागदावर बरोबर आहे. मला मात्र ते पुरेसे वाटत नाही. ६३ वर्षांच्या ताईंना मी ५२ वर निवांत झोपायला सांगितले, आणि ३४ वर्षांच्या तुम्हाला ९४ वर तपासणी सांगते आहे, याचे नवल वाटू देऊ नका.

आधी मोजणे नीट झाले आहे का ते पाहू. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. बसस्टँडवरून उन्हातून चालत येऊन जिना चढलेल्या माणसाच्या मनगटावर मी लगेच बोट ठेवले, तर १०४ मिळतात. बाहेरच्या बाकावर दहा मिनिटे बसवले की तोच माणूस ७८ वर येतो. म्हणून चहा, सिगारेट, जेवण, जिना यांतले काहीही झाल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे बसा. बोलू नका, फोन बघू नका. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर पहिली दोन-तीन बोटे ठेवा. अंगठा ठेवू नका, त्याचीच स्वतःची नाडी लागते. सेकंदकाटा बघत पूर्ण एक मिनिट मोजा. सगळ्यांत खरा आकडा सकाळी जाग आल्यावर, बिछान्यातून उठण्याआधीचा. रात्रपाळीच्या आठवड्यात तुमची सकाळ दुपारी उगवते, तर दुपारी मोजा. दोन्ही पाळ्यांतले आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. हे टिपण कुठल्याही एका तपासणीपेक्षा जास्त सांगेल.

असे मोजूनही ९० च्या आसपासच येत असेल, तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच आणि साखर. रक्तात लाल पेशी कमी असल्या की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तर नाडी झोपेतही उतरत नाही, हात थरथरतात, खाऊनपिऊन वजन घटते. ताप असेल तर एका अंश सेल्सियसला साधारण दहा ठोके वाढतात. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळे करणारे जे औषध असते तेही नाडी वाढवते, आणि दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंपही. एसीत काम करून घामाघूम उन्हात बाहेर पडणारी तुमच्या व्यवसायातली मुले पाणी फार कमी पितात, असे मी पाहते. रक्तातले पाणी उतरले की नाडी चढते, मे महिन्यात तर हमखास.

तपासणीत काही निघाले नाही, तर मग कारण राहते ते रोजच्या जगण्यात. सिगारेटमधले निकोटिन प्रत्येक वेळी नाडी वर ढकलते आणि ती पूर्ण खाली येण्याआधी पुढची सिगारेट पेटते. अपुऱ्या झोपेचेही तेच. उर्राकाबद्दल रागावून लिहीत नाही, मीही याच गोव्यात वाढले आहे. पण फेणीपेक्षा सौम्य म्हणून तो सोड्यात, लिंबू-मीठ-मिरची घालून सरबतासारखा प्यायला जातो, आणि किती झाला ते कळत नाही. दारू प्यालेल्या रात्री झोपेतली नाडी नेहमीपेक्षा वर राहते, तुमच्याकडे घड्याळ असेल तर रविवारी सकाळी तपासून पाहा. एका बैठकीत फार झाली तर धडधाकट माणसाच्या हृदयाचा ताल बिघडू शकतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ साली या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' असे नावच दिले, कारण असे रुग्ण सुटीनंतर येत. शनिवारी रात्री छातीत फडफड झाली आणि ती थांबली नाही, तर सोमवारची वाट पाहू नका.

९४ वर इतके का अडून बसले, तेही सांगते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांच्या हृदयाची पिढ्यान्‌पिढ्या पाहणी चालू आहे. त्या पाहणीत आणि नंतरच्या इतर मोठ्या पाहण्यांतही असे दिसले की विश्रांतीतली नाडी जितकी वरची, तितके पुढे हृदयविकाराचे आणि मृत्यूचे प्रमाण जास्त. ९४ ठोके स्वतः काही घात करतात असा त्याचा अर्थ घेऊ नका. ती नाडी बहुधा आतल्या कशाची तरी खूण असते. शरीराला चालण्याची सवय नाही, झोप नाही, तंबाखू आहे. म्हणूनच नाडी उतरवायची गोळी मी तुम्हाला सुचवणार नाही. सिगारेट सोडा. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपाझप चाला, कांदोळीपर्यंतची ओली वाळू तुमच्या दारातच आहे. दोन-तीन महिन्यांत सकाळचा आकडा काही ठोक्यांनी उतरलेला दिसेल. नाही उतरला, किंवा बसल्याजागी शंभरावर राहू लागला, तर ईसीजी आणि पुढची तपासणी करायलाच हवी.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, कुडचड्याच्या क्लबकडून फुटबॉल खेळतो. सकाळी त्याची नाडी ४८ असते. सोडवावा का खेळ?

उत्तर : नका सोडवू. भरपूर धावणाऱ्या मुलाची नाडी पन्नाशीच्या खाली असणे हे त्याच्या सरावाचे फळ आहे. मला फक्त तीन गोष्टींची उत्तरे हवी आहेत. खेळता खेळता तो कधी शुद्ध हरपून पडला आहे का? धावताना छातीत दुखते का? घरात, दोन्हीकडच्या नात्यात, कुणी चाळिशीच्या आत अचानक गेले आहे का? यांतल्या एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर हृदयतज्ज्ञाने ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहीपर्यंत त्याला मैदानावर पाठवू नका, मग नाडी ४८ असो की ७२. तिन्ही 'नाही' असतील, तर एक ईसीजी काढून फाइलला लावा आणि त्याला खेळू द्या.

प्रश्न : सून सात महिन्यांची गरोदर आहे. तिची नाडी ९६ ते ९८ असते. आधी ७८ असायची.

उत्तर : गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते, नाडीही दहा-वीस ठोक्यांनी वाढते. हिमोग्लोबिन मात्र पाहून घ्या आणि लोहाच्या गोळ्या चुकू देऊ नका. बसल्याजागी सतत ११०-१२० राहू लागली, झोपल्यावर दम लागू लागला किंवा पायाची एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, डिचोलीचा. घरच्या यंत्रावर दाब ठीक येतो, पण नाडी पाच मिनिटांत ५८, मग ९६, मग ७१ अशी येते आणि पडद्यावर हृदयाचे चिन्ह लुकलुकते. यंत्र बिघडले म्हणून दुकानात नेले, त्यांनी बदलून दिले. नवीनही तसेच दाखवते. मला काही त्रास नाही, चालल्यावर थोडे थकायला होते, ते वयाने असेल. गेली चाळीस वर्षे भजनात पखवाज वाजवतो.

उत्तर : तुमच्या पत्राला मी सगळ्यांत आधी उत्तर लिहिले, आणि अंक निघेपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून तुम्हाला थेट कळवलेही आहे. इथे पुन्हा लिहिते ते इतरांसाठी.

तिन्ही आकडे ६० ते १०० च्या आसपास आहेत. सरासरी काढली तर ७५ येईल, आणि कुठल्याही तक्त्यात ती उत्तम ठरेल. पण नाडी म्हणजे फक्त गती नव्हे, तिला ताल आहे, आणि तालाची परीक्षा तुमच्याइतकी चांगली करणारा वाचक मला दुसरा मिळायचा नाही. मनगटावर बोटे ठेवा आणि मोजू नका, नुसते ऐका. तीन प्रकार सापडतील. तरुणांत श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना सावकाश होते, हे निरोगी आहे. दुसऱ्या प्रकारात ठेका व्यवस्थित चाललेला असताना मध्येच एक ठोका लवकर येतो, मग थोडी जागा सुटते, आणि पुन्हा ठेका पकडला जातो. हे ज्यादा ठोके पुष्कळांना येतात आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतात. तिसऱ्या प्रकारात ठेकाच नसतो. पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज कितीही ऐकले तरी बांधता येत नाही, एक जोराचा, एक हलका, सम सापडतच नाही. हा तिसरा प्रकार बहुधा एट्रियल फिब्रिलेशन नावाचा विकार असतो. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या वहीत कित्येक महिने यंत्रावरची नाडी ७६, ८०, ७४ अशी टिपलेली होती. सगळे आकडे छान. मनगटावर बोट ठेवायचे मात्र कुणाला सुचले नव्हते. उजवा हात आणि वाचा एका सकाळी गेली तेव्हा ईसीजी निघाला, आणि त्यात हा विकार दिसला. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी, म्हणजे वॉरफरिन किंवा अपिक्साबानसारख्या, तो धोका जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी करता येतो. हे आधी कळले तर टळण्यासारखे असते, म्हणून या पत्राबाबत मी इतकी आग्रही आहे. नुसती ॲस्पिरिन या कामाला पुरत नाही. आणि 'रक्त पातळ करणे' म्हणजे लसूण-हळद खाणे नव्हे, हेही लिहून ठेवते, कारण तो सल्ला आपल्याकडे फार लवकर मिळतो.

थकवा वयाचा आहे असे आत्ताच ठरवू नका. ताल बिघडलेले हृदय रक्त कमी ढकलते, आणि थकवा हेच अनेकांत त्याचे एकमेव लक्षण असते. याच आठवड्यात ईसीजी काढा. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात होईल, किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात. जाताना यंत्र आणि आकड्यांचा कागद बरोबर न्या. विकार येऊनजाऊन असेल तर त्या पाच मिनिटांच्या ईसीजीत तो पकडला जाईलच असे नाही. मग २४ तास छातीला लावून ठेवायचे होल्टर यंत्र लागते, 'ईसीजी बरोबर आहे' एवढ्यावर परतू नका. सोबत थायरॉइड, इको, मूत्रपिंडाची तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती करा, की स्टेथोस्कोपने छातीवरचे ठोके आणि मनगटावरचे ठोके दोन्ही मोजावेत. या विकारात हृदय ११० वेळा ठोके देते आणि त्यांतले दुबळे ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, तिथे ८५ च लागतात. यंत्रावरचा आकडा तेव्हा खऱ्यापेक्षा कमी असतो. रक्तदाबाचा आकडाही ताल बिघडलेला असताना एका मोजणीवर विश्वासू नये, तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

घरातल्यांनी एवढे लक्षात ठेवावे. तोंड एका बाजूला ओघळले, हात उचलता येईना, बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका, पाणीही पाजू नका. लगेच १०८. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळात बघून ठेवा.

पखवाज चालू ठेवायला माझी हरकत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली तर हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते का, याकडे लक्ष द्या, आणि दात काढण्याआधी दंतवैद्याला त्या गोळीचे नाव सांगा.

प्रश्न : आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर नाडी ३९ दाखवतो, ऑक्सिजन ९७. आई मजेत आहे, नुस्त्याची कढी करते आहे. आम्ही मात्र घाबरलो. (पेडणे)

उत्तर : आधी यंत्र बाजूला ठेवून छातीला कान लावा किंवा मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिट मोजा. हात थंड असले, नखांना रंग असला, हात हलला, तर ऑक्सिमीटर चुकतो. दुसरी शक्यता अशी, की वर लिहिलेला ज्यादा ठोका दर दुसऱ्या ठोक्याला येत असेल. तो हलका असतो, बोटापर्यंत पोहोचत नाही, आणि हृदयाचे ७८ ठोके यंत्राला ३९ दिसतात. छातीवर ७८ आणि बोटावर ३९ असे मिळाले तर एकदोन दिवसांत ईसीजी काढा. छातीवरही ३९ च लागले, तर कढी दुसऱ्या कुणाला ढवळू द्या आणि आईंना आजच इस्पितळात न्या. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घाला, डोळ्यांच्या थेंबांसकट.